घरगुती वस्तूंमधील उष्णतावहन

पदार्थ जागचा न हलता त्याच्या तापलेल्या भागाकडून थंड भागाकडे उष्णता सरकते, त्या क्रियेला उष्णतावहन म्हणतात. धातूंमध्ये हे काम मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन करतात. काच, लाकूड, चिनी माती यांत ते अणूंच्या कंपनांवर अवलंबून असते व बहुधा संथ चालते. विजेचा सुवाहक धातू उष्णतेचाही सुवाहक असतो, तो यामुळेच. हिरा मात्र मोकळ्या इलेक्ट्रॉनांवाचूनही तांब्याच्या कित्येक पट उष्णता वाहतो. पण त्याची पातेली कोणी करत नाही.

वहनाचा गणिती नियम फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. तापमानातील फरक व क्षेत्रफळ वाढले की वहनाचा वेग वाढतो, जाडी वाढली की घटतो; उरलेला भाग पदार्थाच्या वाहकतेचा. वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन या एककात ही वाहकता तांब्याची सुमारे ४००, अॅल्युमिनियमची २३५, लोखंडाची ८०, स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५, काचेची १, पाण्याची ०.६, लाकडाची ०.१ ते ०.२ आणि स्थिर हवेची ०.०२६ भरते.

स्टेनलेस स्टीलचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. धातू असूनही ते तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहते. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या नेमक्या वरचा भाग करपतो आणि कडेचा कोमट राहतो, तो या दोषापायी. बुडाला तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा थर दिला की उष्णता आडवी पसरते. याच दोषाचा मुठीला मात्र फायदा होतो: स्टीलची लांब, पोकळ मूठ बराच वेळ धरवते, तांब्याची धरवत नाही.

स्पर्श या बाबतीत हमखास फसवतो. पहाटे दाराची लोखंडी कडी गार लागते, शेजारची फळी तितकी लागत नाही. तापमापकाने मोजल्यास दोन्ही सारख्याच भरतात. त्वचेला जाणवतो तो हातातून उष्णता निघून जाण्याचा वेग. कडी ती झपाट्याने ओढून घेते. फळीचा हाताखालचा भाग लगेच कोमट होतो आणि ओढ थांबते. यात वाहकतेबरोबर घनता व विशिष्ट उष्मा (ठरावीक वजनाचा पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) हेही मोजावे लागतात. एक बर्फाचा खडा अॅल्युमिनियमच्या ताटलीत आणि तेवढाच दुसरा लाकडी पाटावर ठेवून पाहावा: हाताला गार लागणाऱ्या ताटलीतला आधी वितळतो. उन्हात तापलेल्या वस्तूंबाबत हेच उलट्या दिशेने घडते आणि धातूच चटका देतो.

लोकर, रजई, थर्माकोल यांची ऊब त्यांच्या धाग्यांपेक्षा किंवा प्लॅस्टिकपेक्षा त्यांत अडकलेल्या हवेची असते. हवा मोकळी असती तर अभिसरणाने, म्हणजे स्वतः फिरत राहून, उष्णता घेऊन गेली असती. बारीक पोकळ्यांत ती कोंडून राहते. रजई दाबून चपटी केली की ऊब घटते.

तापलेले भांडे उतरवायला घेतलेले फडके ओले असेल तर चटका बसतो, त्याचेही कारण हेच. कोरड्या फडक्याच्या विणीत हवा असते. तिथे पाणी शिरले की वीसपटीहून अधिक वाहकतेचा पदार्थ हात आणि भांडे यांच्यामध्ये येतो. फडके जाड असल्याचा तेव्हा फारसा उपयोग होत नाही.