आयसीयूतून घरी आला, पण होडी सुटेना

आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला बघायला वाड्यावरची माणसं येतात. "देवानंच राखलं रे बाबा" म्हणतात, चहा घेऊन जातात. पाहुणे गेले की तो बायकोला हळूच विचारतो, "मला त्या होडीत कोणी घातलं होतं गं?" कसली होडी? दहा-बारा दिवस तो गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता. घरच्यांच्या पोटात धस्स होतं. डोक्यावर परिणाम झाला की काय?

असं विचारणारा तो एकटाच नाही. व्हेंटिलेटरवरच्या बहुतेक रुग्णांना कधी ना कधी डेलिरियम होतो, म्हणजे मेंदूचं भान तात्पुरतं सुटतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 821 गंभीर रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात हे प्रमाण 74 टक्के होतं. रक्तातला जंतुसंसर्ग, कमी पडलेला ऑक्सिजन, गुंगीची औषधं, मोडलेली झोप ही सगळी कारणं एकत्र येतात. आयसीयूत दिवे चोवीस तास चालू, यंत्रांचे अलार्म वाजत राहतात, एसीचा गारठा असतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली हवेची गादी असते. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. घशातली नळी उपसली जाऊ नये म्हणून कधी हात मऊ पट्टीनं बांधलेले असतात. अर्धवट शुद्धीतला मेंदू गारठा, हेलकावे आणि बांधलेले हात यांची सांगड घालतो आणि त्यातून एखादी होडी तयार होते. कुणाला आपण ट्रॉलरच्या बर्फात मासळीशेजारी पडलोय असं वाटतं, तर कुणाला नर्स विष टोचतेय असं.

हात झटकणारा, ओरडणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. दुसरा प्रकार मात्र गप्प असतो. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. नातेवाईक म्हणतात, "आज शांत आहे." हा शांतपणा अनेकदा डेलिरियमच असतो आणि तोच जास्त निसटतो. भेटीच्या पाच-दहा मिनिटांत नुसतं रडत बसू नका. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, घरी कोण काय करतंय ते सांगा, तेही घरात बोलता त्याच कोकणी-मराठीत. चष्मा आणि कानाचं यंत्र घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. ती खाटेजवळ हवीत.

पुढचा त्रास आठवणींचा. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं नव्या आठवणी साठूच देत नाहीत. त्यामुळे नळी कधी घातली, डॉक्टर काय म्हणाले, हे पुसलं जातं. होडी आणि विष मात्र राहतं. खऱ्या आठवणी, अगदी वाईट असल्या तरी, माणूस पचवतो. ज्यांच्याजवळ नुसत्या भ्रमाच्या आठवणी उरतात, त्यांना पुढे दचकून उठणं, धडधड, हॉस्पिटलच्या नुसत्या वासानं घाम फुटणं असा त्रास जास्त होतो, असं संशोधकांना आढळलं आहे.

यावर स्कँडिनेव्हियातल्या नर्सनी 1980 च्या दशकात साधी वही वापरायला सुरुवात केली. रुग्ण बेशुद्ध असताना त्याची रोजची नोंद करायची आणि नंतर ती त्याला द्यायची. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 352 रुग्णांच्या चाचणीत वही मिळालेल्यांपैकी 5 टक्के लोकांना नव्यानं पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार, झाला, न मिळालेल्यांपैकी 13 टक्के. फ्रान्समधल्या 2019 च्या मोठ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे वही हा रामबाण उपाय नव्हे. तरीही मी ती लिहाच म्हणेन. दुकानातली साधी वही पुरते, आणि काचेबाहेर बाकड्यावर बसलेल्यांच्या हातालाही काम मिळतं. "आज नळी काढली. तुम्ही खुणेनं पाणी मागितलंत. बाहेर धो धो पाऊस. गणपतीवरच्या माटोळीचं सामान भाऊजींनी आणलं." ज्याची अख्खी चवथ हरवली, त्याला एवढ्यावरूनही दिवस जुळवता येतात. फक्त घरी आल्या आल्या वही हातात कोंबू नका. तो विचारील तेव्हा द्या.

आता शरीराकडे. गंभीर आजारात मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचा आकार दहा दिवसांत सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटल्याचं सोनोग्राफीनं मोजलं गेलं आहे. नुसतं पडून राहिल्यानं इतकं होत नाही, आजारच स्नायू पोखरतो. म्हणून कदंब बसची पायरी चढवत नाही आणि खाली बसलेल्याला उठवत नाही. आळशीपणा म्हणून त्याला टोचू नका. व्हेंटिलेटरवर असतानाच फिजिओथेरपी सुरू केली तर फरक पडतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 104 रुग्णांच्या चाचणीत अशांपैकी 59 टक्के लोक हॉस्पिटल सोडताना स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरले होते, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 35 टक्के.

आणि आपली पेज! आजारी माणसाला पेज आणि लोणचं, यापुढे आपल्याकडे कोणी जात नाही. पेज पोटाला सोसते हे खरं, पण ती स्नायू बांधत नाही. बांगडा, अंडं, मूग, अळसांदे (चवळी), दही यांतलं काहीतरी रोज पानात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गिळताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, कारण नळीनंतर काही दिवस घसा नीट काम करत नाही.

दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेक वेळा परत येतात. हिशेब चुकणं आणि नावं न आठवणं जास्त काळ टिकू शकतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात फुफ्फुसं अचानक निकामी होऊन वाचलेल्यांपैकी वर्षानंतर जेमतेम निम्मे कामावर परतले होते, आणि ती पंचेचाळिशीच्या आसपासची माणसं होती. या सगळ्या त्रासाला डॉक्टर आता पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा कागद घेतानाच फिजिओथेरपी कुठे करायची, पुन्हा कधी दाखवायचं आणि झोप उडाली तर कोणाला भेटायचं, हे विचारून घ्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. रात्री फोन वाजला की जिच्या छातीत अजून धडधडतं, त्या बायकोनंही तो लावावा.