‘चित्र काढता येत नाही, म्हणून अमूर्त’ – खरंच?

जहांगीर कलादालनात एखाद्या अमूर्त, म्हणजे ओळखू येणारी वस्तू न दाखवणाऱ्या चित्रासमोर हे वाक्य हमखास कानावर पडतं: ‘हात बसलेला नाही, म्हणून नुसते रंग फासलेत.’ कलाशाखेच्या पहिल्या वर्षाची मुलंही ते बिनदिक्कत म्हणतात. इतिहास मात्र उलट सांगतो.

पिकासोने ‘विज्ञान आणि परोपकार’ हे रुग्णशय्येचं चित्र 1897 मध्ये, पंधरा-सोळाव्या वर्षी रंगवलं. ते इतकं पारंपरिक आहे की पिकासोचं म्हणून ओळखूच येऊ नये! घनवादाकडे, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या शैलीकडे नेणारं त्याचं चित्र 1907 चं. डच चित्रकार मोंद्रियानचा प्रवास तर पायरीपायरीने दिसतो. 1908 च्या सुमारास तो झाडं रंगवत होता, ओळखू येणारी. 1911 च्या ‘करड्या झाडा’त फांद्यांच्या कमानी उरल्या, 1912 च्या ‘फुललेल्या सफरचंदाच्या झाडा’त झाड जवळपास विरघळलं. सरळ रेषा आणि लाल-पिवळा-निळा त्यानंतर आले. वगळण्यासाठी आधी हातात काहीतरी असावं लागतं.

आपल्याकडचे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचेच. 1948 मध्ये पदविका, सुरुवातीला आकृतिप्रधान (माणसं ओळखू येणारी) चित्रं, लघुचित्रशैलीचा प्रभाव. अमूर्ताकडे ते नंतर वळले.

अर्थात, म्हणून प्रत्येक अमूर्त चित्र चांगलं ठरतं असं नाही. वाईट अमूर्त भरपूर असतं, वाईट निसर्गचित्रांइतकंच.