रात्री विमान खाली येत नाही, आवाज खाली येतो

थंडी पडली की आमच्या संभाजीनगरात चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडको एन-२ या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, शब्द बदलतात पण तक्रार तीच. "अंधार पडला की विमान लै खालून जायलंय, दिवसा एवढा आवाज येत नाही, पायलट शॉर्टकट मारायलेत." मग कुणी सांगतं खिडकीच्या काचा थरथरल्या, कुणी म्हणतं कंपनी डिझेल वाचवती (विमानात डिझेल नसतं, रॉकेलच्या घराण्यातलं इंधन असतं, पण असो). आणि खालून जाणाऱ्या विमानाची भीती आमच्या शहराला उगाच नाही. २६ एप्रिल १९९३ ला मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या पुढच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली, ते आठवणारे लोक अजून याच वस्त्यांत राहतात.

पण खालून जातं ही समजूत चूक आहे. आवाज जास्त येतो ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि त्यामागचं विज्ञान इतकं भारी आहे की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आधी उंचीचं पटकन उरकू. उतरणारं प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं, दिवस असो की रात्र. म्हणजे जमिनीला टेकायच्या जागेपासून ते जितके किलोमीटर लांब, तितके पट ५२ मीटर उंच. तुमची गच्ची त्या रेषेखाली ४ किलोमीटरवर असेल तर विमान साधारण २१० मीटरवरून म्हणजे ७०० फुटांच्या आसपास जाणार, त्याला शॉर्टकट मारायला जागाच नाही. आता तुम्ही मोबाइलवरचं विमान दाखवणारं ॲप उघडता आणि तिथं २६०० फूट दिसतं, तर खूश होऊ नका किंवा ॲपला खोटंही म्हणू नका, कारण ती उंची साधारण समुद्रसपाटीपासूनची असते आणि आपला विमानतळच सुमारे १९०० फुटांवर आहे. वजाबाकी करा, तेच ७०० येतात.

दिशेचंही असंच. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि शहर तिच्या पश्चिमेला. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना ते करमाडच्या बाजूने येऊन उतरतं आणि शहरावरून उडून जातं, हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की उलटं, शहरावरून उतरायला येतं. वारा अगदीच मंद असेल तर कंट्रोल टॉवर कुठलीही बाजू देऊ शकतो. म्हणजे "रूट बदलला" असं जे वाटतं तो बऱ्याचदा फक्त मोसम बदललेला असतो.

आता खरी गंमत. कार्तिकात पहाटे शेजारच्या गावचा काकडा आपल्या अंगणात ऐकू येतो की नाही? साखर कारखान्याचा भोंगा, लांबून जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी? तोच भोंगा मे महिन्यात दुपारी तेवढ्याच अंतरावरून ऐकून दाखवा. लोक म्हणतात पहाटे शांतता असते म्हणून. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काम हवा करते.

ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. १० अंशाला सेकंदाला ३३७ मीटर, २० अंशाला ३४३, म्हणजे दर अंशाला ०.६ मीटरचा फरक. वाटतं, एवढ्याशा फरकाने काय होणार? पण आता पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांसमोर आणा, आठ-दहा जण हात धरून एका ओळीत चाललेत आणि डाव्या कडेच्या दोघांच्या पायाखाली चिखल आला. ते हळू होतात, उजवीकडचे त्याच वेगाने पुढं जातात, आणि कुणी न सांगता सगळी ओळ डावीकडं वळते. ध्वनीची लाट अशीच जिकडं वेग कमी तिकडं वळते. म्हणजे थंड हवेकडं.

दिवसा आपल्याकडं काय असतं, काळी जमीन तापून भट्टी झालेली, जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम आणि वर जाल तशी थंड. त्यामुळे जमिनीवर झालेला आवाज वर वर वळत आकाशात निघून जातो आणि काही अंतरापलीकडं आवाजाची चक्क सावली पडते, तिथल्या माणसाला विमान धावपट्टीवर पळताना डोळ्यांनी दिसेल पण आवाज मात्र फिका येईल. सूर्य मावळला की उलटं सुरू होतं. हिवाळ्यात मराठवाड्याचं आकाश निरभ्र, हवा कोरडी, ढगांची गोधडी नाही (पाण्याची वाफही कमी, तीही उष्णता अडवते), त्यामुळे जमीन झपाट्याने थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि वरची हवा मात्र तुलनेने गरम राहते. याला तापमान व्युत्क्रमण म्हणतात. शब्द अवघड आहे पण पहाटे गावावर चुलीचा धूर आडवा पसरून राहिलेला ज्याने पाहिलाय त्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता थोडं गणित, ज्याला कंटाळा येईल त्याने पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. समजा जमिनीपासून १०० मीटर वरपर्यंत हवा ५ अंशांनी गरम होत गेली. म्हणजे वेगात १०० मीटरला ३ मीटरचा फरक, दर मीटरला ०.०३. ध्वनीच्या वेगाला म्हणजे ३४० ला या ०.०३ ने भागलं की ध्वनीकिरण ज्या वर्तुळाकार वाटेने वळतो त्याची त्रिज्या मिळते, साधारण ११ किलोमीटर. आता धावपट्टीवरून ५ अंश वर निघालेला आवाज घ्या. एरवी तो वर जाऊन संपला असता. इथं तो जेमतेम ४०-४५ मीटर चढतो आणि वळून साधारण २ किलोमीटरवर परत जमिनीवर येतो. ३ अंशाने निघालेला सव्वा किलोमीटरच्या आत, ७ अंशाने निघालेला पावणेतीन किलोमीटरवर, म्हणजे मधल्या सगळ्या वस्त्यांना कुठल्या ना कुठल्या कोनाचा वाटा मिळतोच. वाऱ्याचाही असाच परिणाम होतो, कधी कधी तापमानापेक्षा जास्त, वारा धावपट्टीकडून तुमच्याकडं येत असला की आवाज खाली वळतो, उलटा असला की वर.

यातून जी गोष्ट निघते ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज जवळजवळ सरळ खाली येतो, त्याला या वळणाचा फारसा फरक पडत नाही, दिवसा तेवढाच आणि रात्री तेवढाच. फरक पडतो तो आडव्या येणाऱ्या आवाजाला, म्हणजे उड्डाणाआधी पूर्ण ताकदीने धावणारं विमान आणि उतरल्यावर वेग मोडायला इंजिनाचा झोत पुढं वळवतात तेव्हाची ती घरघर. थंडीत सगळ्यात जास्त वाढतो तो हा आवाज, आणि तेव्हा विमान तुमच्या छपरावर नसतंच, ते धावपट्टीवर असतं! अंतर वाढलं की हवा बारीक आवाज खाऊन टाकते आणि फक्त जाड घरघर उरते, ती आली कुठून हे कानाला नीट कळत नाही, म्हणून वाटतं वरूनच आलं.

हां, एक कबूल केलं पाहिजे, कूलरचाही यात हात आहे. उन्हाळ्यात घरात कूलर असा भणभणत असतो की विमान काय, दारावरची बेलही ऐकू येत नाही. थंडीत पंखा बंद, कूलर बंद, मग जे येतं ते सगळं कानावर येतं.

विमानाचा आणि आकाशाचा विषय निघाला की आमच्याकडं दुसरी एक अफवा लगेच येते, विमानाने पाऊस पळवला. २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची विमानं इथूनच उडाली होती, तेव्हा एका बाजूला "आता दुष्काळ हटणार" आणि दुसऱ्या बाजूला "यांनीच ढग फोडले" असं दोन्ही ऐकलं. मीठ फवारून पाऊस पडायचा तर आधी भरलेला ढग लागतो, नुसत्या विमानाने तो येतही नाही आणि जातही नाही.

मग आवाजाची तक्रार करून उपयोग का होत नाही? कारण नियम सरासरीवर चालतो. राहत्या वस्तीत एरवी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळी ठरली, वर्षाला ५० हजारांवर उड्डाणं-उतरणं असतील तिथं दिवसा ७० आणि रात्री ६५, आपल्यासारख्या छोट्या विमानतळांना ६५ आणि ६०. रात्र म्हणजे १० ते ६, आठ तास, २८,८०० सेकंद. आता एक विमान २० सेकंद ८० डेसिबलने गरजलं, घरातलं लहान पोर उठून रडायला लागलं. या २० सेकंदांची ऊर्जा आठ तासांवर पसरली की सरासरी येते ४८ च्या आसपास. कागदावर सगळं आलबेल. अशी १४ विमानं रोज रात्री गेली तरी ६० च्या आतच. म्हणून तक्रारीत "आवाज लै होतो" लिहिण्यापेक्षा तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि रात्रीत किती वेळा झोपमोड झाली हे लिहायला पाहिजे. मोबाइलच्या डेसिबल ॲपवर जास्त भरवसा नको, त्याचं मोजमाप कुणी तपासलेलं नसतं.

बाहेर काय करतात? लंडनच्या हीथ्रोला दोन धावपट्ट्या आहेत, दुपारी ३ वाजता उतरायची धावपट्टी बदलतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना आळीपाळीने अर्धा दिवस निवांत मिळतो. आपल्याकडं एकच धावपट्टी, तो मार्ग बंद. फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री ११ ते ५ ठरलेली उड्डाणं बंद आहेत. पण मला सगळ्यात आवडलेला उपाय ॲमस्टरडॅमचा. तिथल्या स्किपोल विमानतळावर २००३ मध्ये नवी धावपट्टी सुरू झाली आणि सपाट प्रदेशामुळे जमिनीलगतची घरघर लांबच्या गावांत पोचायला लागली. मग लक्षात आलं की शेतं नांगरली की आवाज कमी होतो! ढेकळांवर आणि नांगराच्या सऱ्यांवर आडवा आवाज विखुरतो. त्यावरून त्यांनी तिथं उंच उंच मातीच्या वरंब्यांचा, दीडशेच्या आसपास, अख्खा बगीचाच केला, २०१३ मध्ये तो खुला झाला. अर्थात हेही फक्त धावपट्टीवरच्या आवाजाला, डोक्यावरच्या विमानाला वरंबा काय करणार. पण आपली तक्रार नेमकी त्याच आवाजाची आहे ना.

कडुलिंबाची एक ओळ लावून काही होत नाही, झाडांचा पट्टा चांगला रुंद आणि दाट लागतो. जाड काच, फटी बुजवलेली खिडकी याने घरात फरक पडतो, सरकत्या खिडकीच्या फटीतून मात्र सगळं आत येतं. आणि पत्र्याचं छप्पर असेल किंवा एप्रिल-मेमध्ये गच्चीवर अंथरूण टाकून झोपणार असाल तर काचेचा उपयोगच नाही, परदेशी उपाय इथं जसेच्या तसे चालत नाहीत ते असे. प्लॉट विकणारे मात्र "एअरपोर्टपासून ५ मिनिटं" अशी जाहिरात करतात, आणि विमानतळाची जी एनओसी दाखवतात ती इमारतीच्या उंचीची असते, आवाजाची नाही.

धावपट्टी वाढवायची चर्चा आणि जमिनींची मोजणी बरीच वर्षं चालू आहे. तेव्हा जिथं कुठं लोकांना विचारलं जाईल तिथं भूसंपादनाच्या भावाबरोबर तीन गोष्टी विचारून घ्या. वाढ कुठल्या टोकाला होणार, कारण टेकायची जागा एक किलोमीटर सरकली की तुमच्या गच्चीवरचं विमान ५२ मीटर वर किंवा खाली जातं. रात्री दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघायची जागा कुठं असणार. आणि आवाजाचं मोजमाप मे महिन्यात दुपारी करणार की डिसेंबरात पहाटे.