तोळा, गुंठा आणि क्युसेक : नाशिकच्या मापांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की जलसंपदा विभाग त्याचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर करतो आणि नाशिककर गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते पाहतात. गुडघे, कंबर, छाती, गळा ही या शहराची पूर मोजण्याची पट्टी आहे. मूर्ती बुडाली म्हणजे महापूर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. गंगापूरची साठवण क्षमताही ५,६३० दशलक्ष घनफूट अशीच सांगितली जाते आणि जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा नाशिक-मराठवाडा वाद टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मांडला जातो. देशाने दशमान मापे कायद्याने स्वीकारून सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी गोदावरीचे पाणी या शहरात एकतर मारुतीच्या अंगावर मोजले जाते, नाहीतर इंग्रजी फुटांत.

दशमान पद्धती आणि पारंपरिक मापे यांची चर्चा करताना आपण बहुधा गृहीत धरतो की एका बाजूला परदेशातून आलेले नवे माप आहे आणि दुसऱ्या बाजूला आपले प्राचीन माप. नाशिकचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. शेर, पायली, बिघा ही खरोखरची देशी मापे बाजारातून आणि दप्तरातून जवळजवळ गेली. जी आजही दशमानाला दाद देत नाहीत, त्यांतली बहुतेक इंग्रजी अमदानीत आलेली आहेत. ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या वयाची मापे एकत्र झाल्याने हा विषय समजून घेणे अवघड झाले आहे.

मोजमापाचा या परिसरातला अतिशय जुना लेखी पुरावा पांडवलेणी या बौद्ध लेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या लेखात भिक्षूंसाठी ठेवलेल्या ३,००० कार्षापण नाण्यांची नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. पहिल्या रकमेतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे, आणि हिशेब करून पाहिला तर तो तंतोतंत जुळतो : २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि बाराविसेही २४०च. शंभरावर आकारणी आणि ‘पाऊण’ हा अपूर्णांक, दोन्ही त्या शिलालेखात शेजारी शेजारी नांदतात. तिथल्याच दुसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने आधी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. ते गाव ओस पडल्याने आणि शेत पडीक राहिल्याने पुढे शंभर निवर्तने दुसरीकडे दिली गेली. निवर्तन हे जमिनीचे माप आता फक्त अभ्यासकांना ठाऊक आहे. देशी मापे पाश्चात्त्यांच्या येण्यापूर्वीही बदलत आणि विसरली जात होती, हे यावरून ध्यानात घ्यावे.

मराठी मुलखातली अलीकडची मापे अर्ध्याच्या अर्ध्याने उतरत जात. शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक, त्याचा अर्धा छटाक. धान्याच्या मापांतही हेच : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. याचे कारण तराजूतच आहे. दोन पारड्यांत वस्तू सारखी करता आली की तिचे दोन समान भाग होतात आणि त्यासाठी वेगळे वजन लागत नाही. दहावा भाग मात्र असा करता येत नाही. रुपयाचे सोळा आणे त्याच घडणीचे, आणि शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत ते याच व्यवहारासाठी. ही व्यवस्था आपल्या परीने अतिशय सुसंगत होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचा दोष दुसरीकडे होता. पायली हे आकारमानाचे माप असल्याने पायलीभर नागली आणि पायलीभर बाजरी यांचे वजन सारखे भरत नसे; माप शिगोशीग भरायचे की काठोकाठ, हे भरणाऱ्या हातावर अवलंबून असे. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत सुंदर आहे, पण तो लाभ कोणाचा हे मापारी कोणाचा यावर ठरायचे. किती पायल्यांचा मण हेही मुलखागणिक बदलत असे. घाटमाथ्यावरून भात घेऊन येणाऱ्याला आणि ते विकत घेणाऱ्याला एकाच नावाच्या दोन मापांशी व्यवहार करावा लागे, आणि त्यातला तोटा बहुधा विकणाऱ्याच्या पदरी पडे.

जमिनीचे माप यापेक्षा अधिक जपले गेले, कारण त्यावर शेतसारा ठरत होता. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब-रुंद जमिनीचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर असा हिशेब होता. इंग्रजी अमलात १८३०च्या दशकात इंदापूरपासून सुरू झालेली नवी पाहणी १८४०च्या दशकात नाशिक भागात आली आणि ३३ फुटांची साखळी घेऊन मोजणीदार शेतात उतरले. ती साखळी सोळा आण्यांत विभागलेली होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. नाव देशी, भाग सोळा आण्यांचे आणि लांबी इंग्रजी फुटांची, अशी ही जोडणी होती. आज शेतकरी ज्याला वाडवडिलांचे माप म्हणतो तो गुंठा या रूपात साधारण पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि मीटर त्याच्याहून वयाने मोठा आहे, कारण फ्रान्सने दशमान मापांचा कायदा १७९५ मध्येच केला होता.

दशमानाचा भारतातला पहिला प्रयत्नही इंग्रजी अमदानीतलाच. १८७१च्या कायद्यात शेर म्हणजे एक किलोग्रॅम असे ठरले होते. तो अमलात आला नाही. १९३९च्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे प्रमाण देशभरासाठी ठरवले. मेट्रिक हिशेबात तो तोळा ११.६६ ग्रॅम, शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो होतो.

स्वातंत्र्यानंतर आधी नाणे बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि त्याच दिवशी भारताच्या नकाशाची, नये पैशांत मूल्य छापलेली टपाल तिकिटे निघाली. ती नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापली गेली होती, म्हणजे देशभरातल्या असंख्य लोकांच्या हाती दशमानाचा पहिला कागद नाशिकमधून गेला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने सुटा आणा नव्या नाण्यात बसेना. पंचवीस आणि पन्नास पैसे मात्र नेमके बसले, म्हणून चाराणे आणि आठाणे ही नावे पुढे अनेक दशके टिकली. पिकाच्या अंदाजाची आणेवारी सरकारी कागदावर पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली की टंचाईची चर्चा सुरू होते, आणि सिन्नर-येवल्याच्या गावांत आजही तिला आणेवारीच म्हणतात.

वजनमापांचा कायदा १९५६ अखेरीस झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक ठिकाणी त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि १९६२ पर्यंत दशमान वजने सक्तीची झाली. बाजारात हा बदल इतका पक्का बसला की लासलगावचा कांदा मणाने विकला जात असे हे आता तरुण शेतकऱ्याला सांगावे लागते. शेर आणि किलो यांच्यात फरक थोडा होता हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे वजन ही हातात धरता येणारी वस्तू आहे. निरीक्षक ते तपासू शकतो, शिक्का मारू शकतो, जप्त करू शकतो. तरीही अर्ध्याच्या अर्ध्याची सवय गेली नाही : पावशेर २३३ ग्रॅमवरून सरळ २५० ग्रॅमचा झाला, आणि मेट्रिक वजनांच्या संचात २५० ग्रॅमचे वजन नसल्याने तराजू वापरणाऱ्या भाजीवाल्याला पाव किलोसाठी २०० आणि ५० अशी दोन वजने लावावी लागतात.

सराफ बाजारातला तोळा मात्र नाव राखून आतून बदलला. आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुन्या यादीत ‘दहा तोळे’ लिहिले असेल तर ते ११६ ग्रॅमहून अधिक सोने होते, आणि वाटणीच्या वेळी ती यादी आजच्या तोळ्याने वाचली तर दीड तोळ्याहून जास्त सोने हिशेबातून नाहीसे होते. घरातल्या बायकांचे स्त्रीधन बहुधा अशाच चिठ्ठ्यांवर नोंदलेले असते, म्हणून ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. येवल्यात विणली जाणारी नऊवारीही नावाने वारांतच राहिली आहे. एक वार म्हणजे ३६ इंच, म्हणून नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर.

जमिनीवर असा शिक्का मारता येत नाही. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहिलेले असते, पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत लागवड एकरात, दोन ओळींतले अंतर फुटांत, औषध मिलिलिटरमध्ये आणि उत्पादन ‘एकरी इतके टन’ असे बोलले जाते. चाळीस गुंठे चार भावांत दहा-दहा सरळ वाटले जातात आणि खरेदीखत, खंड, कर्ज, जुन्या वाटण्या यांची आठवण त्याच आकड्यांत साठलेली असते. व्यवहारात एक आर म्हणजे एक गुंठा असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात आर १०० आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे, त्यामुळे उताऱ्यावर ०.४०.०० असलेले क्षेत्र पूर्ण एकर मानले तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट, कमी पडतात. शेतात ही जागा बांधाकडेला दिसतही नाही. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यात दोन खोल्या उभ्या राहतात. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदार आता उपग्रहाधारित यंत्राने मीटरमध्ये मोजणी करतो, नकाशा हेक्टर-आरमध्ये काढतो आणि बांधावर उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंच्या खातेदारांना हद्द समजावून सांगताना तो फरक गुंठ्यांत सांगतो.