माथेफिरू म्हणजे नेमका कोण?

‘माथेफिरूने दुचाकी पेटवल्या.’ पुण्यात राहणाऱ्याला हा मथळा तोंडपाठ असतो. आतली बातमी वाचली की बऱ्याचदा पार्किंगवरून झालेलं भांडण निघतं. मग माथं फिरलं कुठे?

आगीचं खरंखुरं वेड, म्हणजे पायरोमेनिया, फार विरळा. मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 (2013) या निदान-पुस्तिकेनुसार पैसा, सूड, राजकारण, गुन्हा लपवणं किंवा भ्रम यांपैकी काहीही मागे असलं, की हे निदान बाद. नशेत लावलेली आगही बाद. फिनलंडमध्ये पुन्हापुन्हा जाळपोळ करणारे 90 जण तपासले. त्याची माहिती 2005 मध्ये छापून आली. पायरोमेनियाच्या निकषांत बसणाऱ्यांतून नशेवाले वगळल्यावर उरले तिघे!

बाकीच्या जाळपोळीची एफबीआयने 1992 मध्ये हेतूवरून वर्गवारी केली: नासधूस, थरार, सूड, पुरावा नष्ट करणं, फायदा, अतिरेकी विचार. ठीक आहे, पण हेतू कळायला आधी आरोपी सापडायला हवा ना?

मला आवडते ती मानसशास्त्रज्ञ कँटर आणि फ्रिट्झन यांची 1998 ची मांडणी. इंग्लंडमधली उलगडा झालेली 175 प्रकरणं घेऊन त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कृतीचं मूळ माणसाच्या आत की बाहेर? आणि तिचा परिणाम त्याला कुठे हवाय, आत की बाहेर? झाले चार खण. चोरी करून ठसे मिटवायला दुकान पेटवलं: मूळ बाहेर, परिणामही बाहेर. मनातली खदखद एखाद्या सार्वजनिक इमारतीवर काढली: आतून बाहेर. स्वतःच्याच खोलीला, स्वतःसकट आग लावली: आतून आत, ही आत्महत्येच्या जवळची. सूड मात्र चकवतो. अपमान बाहेरून येतो, जळते शेजाऱ्याची स्कूटर, पण विझवायचं असतं ते स्वतःच्या आतलं. म्हणून सूड बाहेरून आत! इथे मीही दोनदा अडखळलो होतो. स्कूटर हे निव्वळ साधन, एवढं धरून ठेवलं की जमतं.

आता भानामती. दांडीवरचं लुगडं ‘आपोआप’ पेटतं, मांत्रिक लिंबू कापतो आणि पैसे घेऊन जातो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांना तपासात बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी सापडतं, जिचं किंवा ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. माझ्या मते हा आतून बाहेरचा खण. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात, त्या माणसाचं नाव चारचौघांत घेत नाहीत. आणि कपडे पेटायचे थांबतात.