अ‍ॅन बोलिनला सहा बोटं? नाही हो!

इंग्लंडचा राजा हेन्री आठवा, त्याची दुसरी बायको अ‍ॅन बोलिन, हिच्या हाताला सहा बोटं होती आणि चेटकीण म्हणून तिचं मुंडकं उडवलं, ही गोष्ट अजूनही फिरतेय. अहो, सहाव्या बोटाचं लिहिलं कोणी, तर निकोलस सँडर नावाच्या कॅथलिक माणसाने, तेही तिचा कट्टर विरोधक, आणि ती मेली तेव्हा हा लहान पोरगा होता, पुस्तक छापून आलं १५८५ ला, म्हणजे जवळपास ५० वर्षांनी! त्याउलट पवित्र रोमन सम्राटाचा इंग्लंडमधला राजदूत शापुई, जो दरबारात हजर होता आणि तिला सरळ 'रखेल' म्हणायचा, तो बोटाबद्दल अवाक्षर काढत नाही. असतं तर सोडलं असतं का त्याने?

आणि चेटूक? खटल्यात तो आरोपच नव्हता. १५३६ च्या जानेवारीत तिचा गर्भ गेला, २ मे ला अटक, १५ ला खटला, आरोप व्यभिचाराचा (पाच पुरुष, त्यात सख्खा भाऊ!!) आणि राजद्रोहाचा. १९ मे ला संपवली, ३० मे ला राजेसाहेब जेन सीमूरशी बोहल्यावर. ११ दिवसांत! १८७६ मध्ये टॉवर ऑफ लंडन किल्ल्याच्या चॅपलमध्ये तिची म्हणून जी हाडं निघाली त्यातही जादा बोट सापडलं नाही.