सेगाने कन्सोल बनवणे का थांबवले: २००१च्या निर्णयामागचा हिशेब

कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, बनवणारी कंपनी सलग दोन वर्षे तोट्यात गेली की एक सल्ला हमखास येतो: यंत्र बनवणे सोडा, गेम बनवा आणि सगळ्यांच्या यंत्रांवर विका. २०१४ मध्ये तो निन्टेन्डोला मिळाला, अलीकडे एक्सबॉक्सच्या निमित्ताने पुन्हा ऐकू येतो आहे. तो देणारे बहुतेक जण दाखला देतात सेगा या जपानी कंपनीचा. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्ट या आपल्या कन्सोलचे उत्पादन मार्चअखेर थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १९८३ पासून चाललेला घरगुती कन्सोलचा धंदा गुंडाळला. दाखला योग्य आहे, पण तो अर्धवट सांगितला जातो. सेगाने शहाणपणाने वाट बदलली असे चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात वाट निवडण्याची मोकळीक तिने १९९४ ते १९९७ या काळातच घालवली होती.

आधी धंद्याचा हिशेब. कन्सोल बहुधा उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याखाली विकला जातो. पैसा येतो तो दोन वाटांनी: कंपनीच्या स्वतःच्या गेममधून आणि बाहेरच्या कंपन्या त्या यंत्रासाठी गेम काढतात तेव्हा दर प्रतीमागे मिळणाऱ्या परवाना शुल्कातून. समजा, एका यंत्रामागे ४० डॉलर पदरचे जातात आणि बाहेरच्या प्रत्येक गेममागे ८ डॉलर हाती येतात. मग त्या गिऱ्हाइकाने पाच गेम घेतल्यावर यंत्राचा खड्डा भरतो, कमाई सुरू होते ती सहाव्या गेमपासून. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण रचना हीच. यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, काळ जाईल तसा यंत्राचा खर्च उतरत जाईल. दोन, गिऱ्हाईक गेम विकत घेईल आणि ते पुरवायला बाहेरच्या कंपन्या टिकून राहतील. सेगाच्या बाबतीत दोन्ही गृहीतके कोसळली. पहिले सॅटर्न या कन्सोलमध्ये, दुसरे त्यानंतरच्या ड्रीमकास्टमध्ये.

सेगाचा पाया आर्केडचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा. पहिला घरगुती कन्सोल एसजी-१००० हा १५ जुलै १९८३ला, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्याच दिवशी बाजारात आला आणि त्याच्यापुढे टिकला नाही. खरे यश मिळाले १९८८च्या मेगा ड्राइव्हला. अमेरिकेत तो जेनेसिस नावाने गेला, १९९१ मध्ये सॉनिक हा गेम आला आणि सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांच्या कारकिर्दीत सेगा तिथे निन्टेन्डोच्या बरोबरीला, काही काळ पुढेही होती. (भारतात मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आला, किंमत १८,००० रुपये. आयात शुल्क ८० टक्के असलेल्या त्या काळात आपल्याकडे घराघरात जे ‘टीव्ही गेम’ होते ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होते, ते उगाच नाही.)

सॅटर्न: खर्च उतरेना

घसरण सुरू झाली ती या यशाच्या काळातच. मेगा ड्राइव्हचे आयुष्य वाढवण्यासाठी सेगाने त्याला जोडायचे दोन भाग काढले. आधी मेगा-सीडी, अमेरिकेत २९९ डॉलरला. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये ३२एक्स, १५९ डॉलरला. पण त्याच नोव्हेंबरच्या २२ तारखेला जपानमध्ये सॅटर्न हा नवा कन्सोलही विक्रीला आला. म्हणजे ३२एक्स घेणाऱ्याने दुकानातून घरी नेईपर्यंत त्याचा वारसदार ठरून गेलेला होता. १९९५ मध्ये सेगा मास्टर सिस्टिम, मेगा ड्राइव्ह, गेम गिअर, पिको आणि सॅटर्न असे पाच कन्सोल आणि वर हे दोन जोडभाग सांभाळत होती. गेम बनवणारी माणसे तेवढीच, यंत्रे सात.

सॅटर्नचा खरा दोष त्याच्या बोर्डावर होता. हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, चित्रांसाठी दोन वेगळ्या व्हीडीपी चिप, आवाजासाठी आणखी एक मोटोरोला प्रोसेसर. दोन प्रोसेसरना एकाच वेळी कामाला लावणे प्रोग्रामरना जड जात होते, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये दुसऱ्याचा पुरेसा वापरच झाला नाही. शिवाय बाकी उद्योग त्रिमिती आकृती त्रिकोणांतून घडवू लागला असताना सॅटर्न त्या चौकोनांतून घडवत होता. दुसऱ्या यंत्रावरचा गेम इकडे आणायचा तर बरेचसे काम नव्याने करावे लागे. आणि सुट्या चिप जितक्या जास्त, तितका बोर्ड स्वस्त करणे कठीण. सोनीचे नेमके उलट होते. प्लेस्टेशनची रचना आटोपशीर होती आणि चिप बनवण्याची सोय घरचीच.

हा फरक किमतीत दिसला. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या ई-३ प्रदर्शनात सेगाने सॅटर्न आजपासूनच, ३९९ डॉलरला, मोजक्या चार दुकानसाखळ्यांत मिळेल असे अचानक जाहीर केले. आधी सांगितलेली तारीख होती २ सप्टेंबर. त्याच दिवशी सोनीच्या स्टीव्ह रेस यांनी मंचावर येऊन ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. सेगाच्या घाईचा फटका तिहेरी बसला. बाहेरच्या कंपन्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते, त्यामुळे नवे यंत्र महिनोन्‌महिने जवळपास सेगाच्याच गेमवर चालले. वगळलेले दुकानदार चिडले; केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणेच बंद केले. आणि सोनीला तयारीला चार महिने मिळाले. प्लेस्टेशन मे १९९६ मध्ये १९९ डॉलरवर, मार्च १९९७ मध्ये १४९ वर उतरला. सेगाला मागोमाग किंमत उतरवावी लागली, पण खर्च त्या वेगाने उतरत नव्हता.

सॅटर्न जगभरात सुमारे ९२.६ लाख विकला गेला, प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक. १९९७ च्या सुरुवातीला बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीशी विलीनीकरण ठरले होते, तेही मे महिन्यात मोडले. मार्च १९९८ला संपलेल्या वर्षात सेगाला ३,५६० कोटी येनचा एकत्रित तोटा झाला. १९८८ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाल्यापासूनचा पहिलाच. कन्सोल सोडायचाच होता तर हीच वेळ होती. सॉनिकचे नाव ताजे होते, आर्केड विभाग दमदार होता आणि पैसा पुरता आटलेला नव्हता.

ड्रीमकास्ट: चांगले यंत्र, रिकामी तिजोरी

त्याऐवजी सेगाने आणखी एक डाव लावला. सॅटर्नच्या चुका ड्रीमकास्टमध्ये खरोखर सुधारल्या होत्या. एकच एसएच-४ प्रोसेसर, २०० मेगाहर्ट्झचा. पॉवरव्हीआर२ ग्राफिक्स चिप. १६ एमबी मुख्य स्मृती आणि अंगचाच मोडेम. नाओमी हा आर्केड बोर्ड याच रचनेवर बेतल्यामुळे आर्केडचा गेम घरी आणणे सोपे झाले. दोष यंत्रात नव्हता. मात्र त्याचा आराखडा दोन गटांनी समांतर बनवला होता; अमेरिकेतल्या गटाने ३डीएफएक्स कंपनीची चिप धरली होती, जपानी गटाने पॉवरव्हीआर. निवड दुसऱ्याची झाली. ३डीएफएक्सला दिलेला शब्द मोडला, प्रकरण दाव्यापर्यंत गेले. ३डीएफएक्सच्या चिपला पसंती देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या क्रीडा-गेम काढणाऱ्या बड्या अमेरिकी कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. कारण एवढेच नव्हते, सॅटर्नवर पोळलेले हातही होते. पण अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या खेळांवाचून कन्सोल विकणे म्हणजे काय, हे पुढच्या आकड्यांत दिसते.

जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी २९,००० येनला विक्री सुरू झाली तेव्हा दुकानांत पुरेशी यंत्रे नव्हती. एनईसीकडे ग्राफिक्स चिपचे उत्पादन अडले होते. सोबत गेम फक्त चार, आणि सॉनिक आला डिसेंबरच्या अखेरीस. मागणीचा जोर ओसरल्यावर माल आला. जून १९९९ मध्ये किंमत १९,९०० येनवर आणली, विक्री वाढली, पण त्या किमतीला प्रत्येक यंत्र तोट्यात जाऊ लागले. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ला सुरुवात दणक्यात झाली: १९९ डॉलरचे सव्वादोन लाख कन्सोल चोवीस तासांत, एकूण विक्री ९.८४ कोटी डॉलर. त्या वर्षी हे आकडे पाहून सेगा परतली असे अनेकांनी लिहिले. तिजोरीकडे कोणी पाहिले नाही.

मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ आला. त्यावर डीव्हीडी चालत होती, जुने प्लेस्टेशनचे गेमही चालत होते. घरात डीव्हीडी प्लेअर घ्यायचाच आहे म्हणणाऱ्याला दुसरे कारण लागत नव्हते. ड्रीमकास्टची डिस्क जीडी-रॉम या वेगळ्या प्रकारची, त्यामुळे त्यावर डीव्हीडी चित्रपट चालत नसे. त्याच वर्षी चाचेगिरीने हिशेबाचे दुसरे गृहीतक मोडले. गाण्यांबरोबर चित्रे-मेनू दाखवणाऱ्या मिल-सीडी नावाच्या डिस्कसाठी यंत्रात एक वाट ठेवली होती आणि त्या वाटेने साध्या सीडी-आरवरूनही ते सुरू होत असे. चिप बसवण्याचीही गरज नव्हती. सुमारे १ जीबीच्या डिस्कवरचा गेम ७०० एमबीत कोंबण्यासाठी व्हिडिओ आणि संगीताचा दर्जा पाडला जाई, एवढीच कसरत. नंतरच्या यंत्रांत ही वाट बुजवली, पण विकली गेलेली यंत्रे विकली गेली होती. पाच गेम घेईपर्यंत तोट्यात असलेले गिऱ्हाईक पाचवा गेम घेईलच, याची खात्री आता राहिली नाही.

पीटर मूर हे सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख. त्यांच्या मते तग धरायला २००० अखेर अमेरिकेत ५० लाख यंत्रे खपायला हवी होती. खपली साधारण ३० लाख. सप्टेंबर २००० मध्ये मूर आणि चार्ल्स बेलफिल्ड यांनी टोकियोतल्या बैठकीत कन्सोल सोडण्याची शिफारस केली तेव्हा जपानी स्टुडिओप्रमुख उठून निघून गेले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांचे मत मात्र बऱ्याच आधीपासून कन्सोल सोडावा असेच होते. त्यांनी १९९९ मध्ये सेगाला ५० कोटी डॉलर कर्जाऊ दिले होते. आता त्यांनी कंपनीकडचे आपले येणे सोडून दिले आणि सेगा व तिच्यात मोठा हिस्सा असलेली त्यांची कंपनी सीएसके यांचे ६९.५ कोटी डॉलरचे शेअरही देऊन टाकले. १६ मार्च २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मार्च २००१ अखेरचा तोटा होता ५,१७० कोटी येन. निर्णयाला कंपनीचे धोरण म्हणा, पण तो अमलात आणता आला एका माणसाच्या खिशामुळे.

कन्सोल सोडणे फुकट होत नाही, हे सल्ला देणारे विसरतात. दुकानांत आणि गोदामात पडून असलेला माल काढण्यासाठी ड्रीमकास्ट ९९ डॉलरला, वर्षअखेरीस ५० डॉलरच्या आत विकावा लागला. टोकियोतले जवळपास एक तृतीयांश कर्मचारी कमी झाले. परवाना शुल्काची आवक थांबली आणि उलट सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्टला तेच शुल्क भरणे आले. सेगाचे स्टुडिओ स्वायत्त असल्याने प्रत्येकाने आपापले यंत्र निवडले: स्माइलबिट एक्सबॉक्सकडे, अम्यूजमेंट व्हिजन निन्टेन्डोच्या गेमक्यूबकडे, तर व्हर्च्युआ फायटर ४ हा गेम प्लेस्टेशन २वर. सेगाचे सगळे खेळायचे तर चाहत्याला तीन कन्सोल लागत; त्यामुळे जुना चाहतावर्ग एकगठ्ठा कुणाकडेच गेला नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची उणीव भरायला १ कोटी डॉलरला घेतलेला व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स हा क्रीडा-गेमचा स्टुडिओ जानेवारी २००५ मध्ये टेक-टूला २.४ कोटी डॉलरला विकला.

पाच वर्षांच्या तोट्यानंतर मार्च २००३ला संपलेल्या वर्षात सेगाला नफा झाला, ३०५ कोटी येनचा. पण तोवर ती स्वतःची मालक राहण्याच्या स्थितीत नव्हती. पाचिन्को या जपानी जुगारवजा खेळाची यंत्रे बनवणाऱ्या सॅमीने सीएसकेकडचा हिस्सा घेतला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सेगा सॅमी होल्डिंग्ज उभी राहिली.

निन्टेन्डोची गोष्ट याच मापाने मोजून पाहावी. जानेवारी २०१४ मध्ये तिने वी यू या आपल्या घरगुती कन्सोलच्या वार्षिक विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला, पण यंत्र सोडायला नकार दिला. हे धाडस वाटले तरी त्यामागे भक्कम आधार होता: कर्ज नाही, रोकड भरपूर, आणि हातात धरायचा ३डीएस त्याच वेळी चांगला खपत होता. वी यू एकूण १ कोटी ३५.६ लाखांवर थांबला. मग निन्टेन्डोने घरगुती आणि हातातले अशी दोन वेगळी यंत्रे बनवणे थांबवून दोन्हीकडचे स्टुडिओ एकाच यंत्राला जुंपले, आणि मार्च २०१७ मध्ये स्विच आला. १९९५च्या सेगाकडे सात यंत्रे होती.